काकूंची खालची खोली: नाशिकमधल्या एका रो-हाउस खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझा शाळेपासूनचा मित्र सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. वहिनी इंदिरानगरच्या शाळेत शिकवतात. मुलगी तेव्हा ९ वर्षांची होती, आणि मित्राची आई, म्हणजे काकू, ६८ वर्षांच्या. राहायला सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. २०२१ मध्ये काकूंच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती नीट पार पडली, पण दुसरा गुडघाही कुरकुरत होताच, आणि ३६ पायऱ्या रोज उतरणं-चढणं त्यांना जमेना. सकाळचं देऊळ बंद झालं, मग भाजीबाजार बंद झाला. दिवाळीत फराळाचं ताट खालच्या बिऱ्हाडात स्वतः नेऊन देणाऱ्या काकू दारातच थांबून नातीच्या हाती ताट देऊ लागल्या. त्याच दिवाळीत घर बदलायचं ठरलं.

निफाड तालुक्यातल्या वडिलोपार्जित शेतीतला वाटा विकून काही रक्कम आली होती. सिडकोतली सदनिका विकायची, उरलेलं कर्ज काढायचं, आणि सगळं धरून ९५ लाखांच्या वर जायचं नाही, असा हिशेब झाला. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला सोबत घेतलं गेलं. बिल्डरांची, योजनांची आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. ठिकाणं आणि घटनाक्रम खरे आहेत.

नेमकी अडचण

नाशिकमध्ये रो-हाउस म्हटलं की नकाशा बहुतेक ठरलेला असतो. तळमजल्यावर पुढे गाडीची जागा, मग हॉल, स्वयंपाकघर, जिन्याखाली एक छोटं संडास-बाथरूम. झोपायच्या खोल्या सगळ्या वर. म्हणजे सदनिकेतल्या ३६ पायऱ्या टाळायला रो-हाउस घ्यायचं आणि काकूंना झोपायला पुन्हा १८ पायऱ्या चढवायच्या.

या घराची मागणी एका वाक्यात मावत होती: तळमजल्यावर काकूंची खोली, तिला जोडून बाथरूम, दरवाजा ३ फुटी, आणि अंगणापासून पलंगापर्यंत पायरी नाही. बाकी टाइल कुठली, ओटा किती उंच, रंग कुठला, यावर घरात कोणी हटून बसणार नव्हतं.

बिल्डर मात्र नेमके याच बाकीच्या गोष्टी बदलून द्यायला तयार असतात. ‘तुमच्या मनासारखं घर’ असं लिहिलेली तीन माहितीपत्रकं आम्ही पाहिली. तिन्हींत टाइलचे तीन-चार प्रकार, दिव्यांचे पॉइंट आणि मोड्युलर किचन होतं. भिंत हलवायची म्हटली की सूर बदलायचा. ते समजण्यासारखंही आहे. टाइल बदलली तर कोणाची परवानगी लागत नाही, पण भिंत बाहेर सरकली की मंजूर नकाशा बदलतो, चटई क्षेत्र (प्लॉटवर किती बांधता येतं ते) बदलतं, कॉलमची जागा बदलते. पूर्णपणे आपल्या मनाचा बंगला बांधणं वेगळं आणि बिल्डरच्या योजनेत राहून आपल्यापुरता बदल करून घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पहिला प्रश्न एकच असतो: हा बदल मंजूर नकाशावर येणार की नाही? आमची पुढची दोन वर्षं याच प्रश्नाभोवती गेली.

पाहिलेले पर्याय

नोव्हेंबर २०२१ ते जुलै २०२२ या काळात आम्ही बऱ्याच जागा पाहिल्या. शेवटी चार उरल्या.

पहिली गंगापूर रोडला, गावाच्या पुढे. मोठा बिल्डर, ट्विन बंगल्यांची योजना, झाडं, रुंद रस्ते. किंमत एक कोटीच्या वर. बजेटमध्ये बसू शकणारा एकच प्लॉट शिल्लक होता, तोही उताराच्या टोकाला, नाल्याच्या कडेचा. नाशिकमध्ये २००८ च्या पुरानंतर गोदावरीच्या पूररेषा आखल्या गेल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. हा प्लॉट लाल रेषेच्या अगदी जवळ होता. त्यात नकाशात काडीचाही बदल होणार नाही, असं विक्री कार्यालयातल्या मुलीनं पहिल्या पाच मिनिटांत नम्रपणे सांगितलं. तिचं मला कौतुक वाटलं. आमचा वेळ वाचला.

दुसरी म्हसरूळच्या बाजूला. छोटा बिल्डर, ६ रो-हाउस, बाकीच्यांपेक्षा सुमारे ११ लाखांनी स्वस्त, आणि आम्ही म्हणू त्याला हो.

तिसरी पाथर्डी फाट्याजवळ. मध्यम आकाराचा बिल्डर, दोन टप्प्यांत मिळून २२ रो-हाउस, पहिल्या टप्प्यात लोक राहायला आलेले. वहिनींची शाळा जवळ, अंबडमार्गे सातपूरही सोयीचं.

चौथा पर्याय आडगावच्या बाजूला मोकळा प्लॉट घेऊन स्वतः बांधण्याचा. मित्राला तो फार आवडला होता. पण दाखवलेल्या दोन प्लॉटपैकी एकाच्या ले-आउटला अंतिम मंजुरी नव्हती आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर सहा सहहिस्सेदार. शिवाय दोघंही नोकरीवर, रोज साइटवर उभं कोण राहणार? मी राहीन असं म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं असतं. महिनाभर घोळ घालून हा पर्याय सोडला.

मखमलाबादलाही एक जागा बघितली होती. तिथे हनुमानवाडी शिवारापर्यंत नगररचना परियोजनेचा (जमिनी एकत्र करून, रस्ते आखून पुन्हा वाटण्याच्या योजनेचा) विषय निघालेला आणि शेतकऱ्यांचा विरोध चाललेला. ती जमीन त्यात येते का, या प्रश्नाला दलालानं तीन भेटींत तीन उत्तरं दिली, म्हणून ती यादीत आलीच नाही. ‘२०२७ च्या सिंहस्थाआधी रिंग रोड होणार, भाव दुप्पट’ हे वाक्य तर आम्ही शहराच्या चारही दिशांना ऐकलं. विकास आराखड्यातला रस्ता नकाशावर असतो, जमिनीवर कधी येईल ते कोणी लिहून देत नाही. आम्ही प्रत्येक जागेचा भाग नकाशा आणि झोन दाखला (विकास आराखड्यात ती जमीन कशासाठी आहे हे सांगणारे कागद) काढला आणि आज जो रस्ता आहे त्याच्याच भरवशावर घर जोखलं.

पहिला कठीण निर्णय: म्हसरूळचा ‘हो’

म्हसरूळच्या बिल्डरकडे आम्ही चार वेळा गेलो. माणूस गोड बोलणारा, बांधकाम खरोखर चांगलं. त्याची आधीची दोन कामं मी हातोडी घेऊन पाहिली होती, प्लास्टर कुठे पोकळ वाजलं नाही. काकूंच्या खोलीचं सांगितल्यावर त्यानं कागदावर चटकन रेघा मारल्या.

“वहिनी, सोपं आहे. मंजूर नकाशाप्रमाणे बांधतो, पूर्णत्वाचा दाखला घेतो. मग बाजूचं जे सामासिक अंतर आहे ना, हद्दीपर्यंत मोकळं सोडलेलं, तिथे स्लॅब टाकून आईंची खोली काढून देतो. अख्ख्या लाइनीत असंच आहे.”

वहिनींनी विचारलं, “ते नकाशावर असेल का?”

“नकाशावर कशाला? नंतरचं काम आहे. कोणी बघायला येत नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. त्या लाइनीत खरंच तसं होतं, आम्ही पाहिलं. पण नकाशात नसलेली खोली म्हणजे उद्या महापालिकेची नोटीस आली की पहिली पाडली जाणारी खोली. बँक त्या खोलीला किंमत देत नाही. विकताना पुढच्याचा वकील तिच्यावर बोट ठेवतो. आणि आमच्या बाबतीत पाडली जाणारी खोली काकूंची होती, ज्या एका खोलीसाठी सगळी धडपड चालली होती.

दुसरी गोष्ट नोंदणीची. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याप्रमाणे जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं ८ पेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. ६ घरांची ही योजना नोंदणीबाहेर होती, आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. पण नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि ते जमीन-बांधकामावरच खर्च करावे लागतात. महारेराच्या (राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर मंजूर नकाशा, ताब्याची तारीख, किती घरं विकली गेली हे घरबसल्या बघता येतं. इथे यातलं काहीच नव्हतं. सगळा भरवसा एका माणसाच्या शब्दावर.

मित्र तरीही तिकडे झुकला होता. ११ लाख ही काही लहान रक्कम नाही, मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा मोठा भाग त्यातून निघाला असता. त्या रात्री सिडकोतल्या घरी बराच वाद झाला. मी माझं मत मांडलं आणि गप्प बसलो, कारण पैसे माझे जाणार नव्हते. शेवटी काकूच म्हणाल्या, “लपवून बांधलेल्या खोलीत मला झोप नाही लागायची रे.” दुसऱ्या दिवशी मित्रानं म्हसरूळला फोन करून नाही सांगितलं.

पावसातली फेरी

जुलै २०२२ मध्ये गोदावरीला पूर आला. रामकुंडाजवळची छोटी मंदिरं पाण्याखाली गेली. नाशिककर पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, घोट्याला लागलं, कमरेला लागलं असं. त्याच आठवड्यात आम्ही उरलेल्या जागा पुन्हा पाहिल्या. उन्हात सगळीच जमीन चांगली दिसते.

पाथर्डी फाट्याच्या योजनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ओढ्याची मोरी आहे. तिच्यावर वीतभर पाणी होतं, दुचाकी जात होत्या. पहिल्या टप्प्यातली जोती रस्त्यापेक्षा दोन-अडीच फूट उंच होती, अंगणात पाणी नव्हतं. डांबराचे थर चढत जाऊन रस्ता दर काही वर्षांनी वर येतो, त्यामुळे ही उंची मी फुटपट्टीनं मोजून घेतली. महापालिकेचा कचऱ्यापासून खत करणारा प्रकल्पही याच शिवारात आहे. त्याचा वास येतो का, हे बघायला मित्र आणि वहिनी संध्याकाळी तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन उभे राहिले. एकदा अगदी पुसट आला, दोनदा नाही. हे चालेल, असं दोघांनी ठरवलं.

पण खरा निर्णय झाला तो एका अनोळखी घरात. पहिल्या टप्प्यातल्या एका ताईंनी आम्हाला पावसातून आत बोलावलं, चहा टाकला. घरात काही त्रास आहे का, असं विचारल्यावर त्यांनी वरच्या बाथरूमखालचा छताचा कोपरा दाखवला. रंगाला फुगवटा आलेला होता. मग फ्रिजवरून एक शाळेची वही काढली. तीत तारखा होत्या: गळती दिसली, बिल्डरला फोन केला, प्लंबर आला, टाइल काढून पुन्हा वॉटरप्रूफिंग केलं, पाणी साठवून तपासलं, पुन्हा ओल दिसली, पुन्हा माणूस आला. वर्षभरात तीन वेळा. “अजून पूर्ण थांबली नाही, पण बोलावलं की येतात,” त्या म्हणाल्या.

मी या व्यवसायात वीस वर्षं आहे. ज्या घरात काहीच बिघडलं नाही असं सांगतात, तिथून मला काही कळत नाही. बिघडल्यावर कोण, किती दिवसांत आलं, हे त्या वहीत लिहिलेलं होतं. नमुना घरापेक्षा ती चार पानं मला जास्त सांगून गेली.

दुसरा कठीण निर्णय: आधी करार की आधी नकाशा

या बिल्डरनं काकूंच्या खोलीला लगेच हो म्हटलं नाही. त्याच्या आर्किटेक्टनं आठवडा घेतला आणि सांगितलं की मधल्या घरांत ही खोली बसत नाही. टोकाच्या घराला प्लॉट मोठा आहे, तिथे चटई क्षेत्र शिल्लक आहे. स्वयंपाकघर मागे सरकवायचं, बाजूची भिंत ४ फूट बाहेर काढायची, तरी सामासिक अंतर नियमात राहतं. १० बाय ११ फुटांची खोली आणि तिला जोडून बाथरूम मिळेल. पण सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागेल, तीन-चार महिने जातील. टोकाच्या घराची किंमत ७६ लाख, बदलाचे साडेचार लाख.

बिल्डरला करार आधी हवा होता. “करारनामा नोंदवून टाका, वीस टक्के भरा, नकाशाचं मी बघतो.” इथे आम्ही थांबलो. रेराच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. करार नोंदवला असता तर जास्त पैसे घेणं कायदेशीर झालं असतं, पण करारासोबत जोडलेला नकाशा जुनाच राहिला असता. पुढे सुधारित नकाशा नामंजूर झाला, तर आमच्या हाती काकूंच्या खोलीशिवायचं घर आणि त्याचा पक्का करार उरला असता.

दोन बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं: ऑगस्ट २०२२ मध्ये १० टक्क्यांच्या आत बुकिंग, सोबत बिल्डरच्या सहीचं पत्र. पत्रात तीन गोष्टी. दर आजचाच राहील. सहा महिन्यांत सुधारित नकाशा मंजूर झाला नाही तर सगळी रक्कम परत. मंजूर झाला की तोच नकाशा जोडून करार. बिल्डरला हे फार रुचलं नाही, पण टोकाचं घर बरेच दिवस पडून होतं, आणि आम्हीही भावात घासाघीस केली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नकाशा मंजूर होऊन हातात आला. त्याच महिन्यात ८० लाख ५० हजारांचा करार नोंदवला. घर वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलं. महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तिथे ८० हजार वाचले. ५० लाखांवरच्या खरेदीत १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे भरायचा प्राप्तिकर) घर घेणाऱ्यानं कापून भरायचा असतो, हे बँकेतल्या एका गृहस्थांनी वेळेवर आठवण करून दिलं म्हणून लक्षात आलं.

हप्ते रेराच्या आदर्श करारनाम्याप्रमाणे लावून घेतले: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५, स्लॅब झाले की ७०, आणि शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी. बिल्डरच्या छापील तक्त्यात जोत्यालाच ६० टक्के होते. ते आम्ही बदलून घेतलं, आणि माझ्या मते संपूर्ण व्यवहारातली ही सगळ्यात उपयोगी दुरुस्ती होती. काम पुढे आणि पैसा मागे असला की फोन उचलले जातात.

पायाचा खड्डा

मार्च २०२३ मध्ये खोदाई सुरू झाली. नाशिकमध्ये काळी माती कुठे दोन फुटांत संपते, कुठे आठ फूट जाते. पाण्यानं ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर पाया टेकला की घर दर वर्षी थोडं वर-खाली होतं आणि भिंतीत जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी भेग पडते. म्हणून खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खोदायचं, हा साधा नियम.

साइटवरच्या इंजिनिअरनं सगळीकडे ५ फूट धरले होते, कारण पहिल्या टप्प्यात तेवढ्यात मुरूम लागला होता. टोकाचं घर मात्र ओढ्याच्या बाजूला. मी खड्ड्यात उतरलो तेव्हा तळाशी अजून काळीच माती होती, ओलसर, फावड्याला लोण्यासारखी चिकटणारी. टिकाव मारला की नुसता ‘थप’ असा आवाज यायचा. मुरमावर टिकाव पडला की खण्ण वाजतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. तो आवाज साडेसात फुटांवर आला.

अडीच फूट जास्त खोदाई, जास्त उंचीचे कॉलम, मुरुमाची भरणी, मिळून ८५ हजारांचा वाढीव खर्च निघाला. कोणी द्यायचा? करारात याबद्दल एक अक्षर नव्हतं. बिल्डर म्हणे टोकाचं घर तुम्ही मागितलंत. आम्ही म्हणालो, पाया पक्का देणं ही तुमची जबाबदारी. चार दिवस काम बंद पडलं. मग अर्धे-अर्धे ठरले. माझ्या मनाला हे पटलेलं नाही. बांधकामातल्या दोषाची जबाबदारी कायद्यानं ताब्यापासून ५ वर्षं बिल्डरवर आहे, तेव्हा पाया योग्य खोलीवर नेणं त्याचंच काम होतं. पण उघड्या खड्ड्यासमोर वाद लांबवणं परवडणारं नव्हतं, वळीव कधीही आला असता.

यात माझी स्वतःची चूक मोठी आहे. बुकिंगच्या आधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्या प्लॉटवर एक चाचणी खड्डा घ्यायला सांगायला हवं होतं. जेसीबीचं तासाभराचं काम. ओढा मी पावसात डोळ्यांनी पाहिला होता, तरी सुचलं नाही.

खोलीतला उंबरा

पुढचं काम बरं झालं. दोन्ही स्लॅबच्या आदल्या दिवशी मी लोखंड तपासलं, काँक्रीटचे क्यूब भरून ७ आणि २८ दिवसांच्या चाचण्या घेतल्या. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घडलं ते जानेवारी २०२४ मध्ये, टाइलच्या वेळी. शनिवारी संध्याकाळी वहिनी साइटवर गेल्या आणि काकूंच्या बाथरूमच्या दारात त्यांना दोन इंच उंच संगमरवरी उंबरा बसवलेला दिसला. नीट पॉलिश केलेला, कडा गोल केलेल्या. आतली जमीनही खोलीपेक्षा अडीच इंच खाली. गवंड्यानं मनापासून काम केलं होतं, सगळ्या घरांत करतो तसंच. करारातल्या नकाशावर तिथे ‘पायरी नाही, उतार द्यावा’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण मुकादमाच्या हातात जुन्या नकाशाची प्रत होती. नवी प्रत ऑफिसातून साइटवर आलीच नव्हती. एक वर्ष!

उंबरा काढला, टाइल फोडली, जमीन वर उचलून उतार दिला, वॉटरप्रूफिंग पुन्हा केलं. खर्च बिल्डरनं उचलला, तीन आठवडे गेले. त्यानंतर वहिनींनी मंजूर नकाशातला त्या त्या खोलीचा तुकडा मोठा करून, त्यावर बिल्डरची सही घेऊन, प्रत्येक खोलीच्या भिंतीवर चिकटवला. नळ किती उंचीवर, पकडायचा दांडा कुठे, स्विच पलंगावरून हाताला लागेल असा. गवंडी, प्लंबर, वायरमन तिथेच बघून काम करू लागले. हे पहिल्या विटेपासून करायला हवं होतं.

निकाल

कराराप्रमाणे ताबा ३१ मार्च २०२४ ला मिळायचा होता, मिळाला मे महिन्याच्या अखेरीस. सिडकोतली सदनिका डिसेंबरमध्ये सोडावी लागल्यानं ५ महिने भाड्यानं राहावं लागलं, त्यात ६५ हजार गेले. ‘उशिराबद्दल तक्रार नाही’ अशा पत्रावर बिल्डरला सही हवी होती. रेराच्या कलम १८ प्रमाणे उशिराच्या काळाचं व्याज मागता आलं असतं. वहिनींनी सही केली नाही आणि भांडणही केलं नाही. व्याजाचा हिशेब कागदावर मांडून समोर ठेवला. पायाच्या खर्चातला आमचा अर्धा वाटा, ४२ हजार ५०० रुपये, शेवटच्या हप्त्यातून वजा झाला. ताबा घेण्याआधी पूर्णत्वाचा दाखला हातात होता, आणि त्याला जोडलेल्या नकाशावर काकूंची खोली होती.

किंमत, ५ टक्के जीएसटी, मुद्रांक आणि नोंदणी धरून रक्कम ९० लाखांच्या थोडी आत राहिली. किचन, ग्रिल, वीजमीटर, भाडं, सामान हलवणं मिळून ९५ ची मर्यादा लाखभरानं ओलांडली.

एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. आम्ही परिसर पावसात पाहिला, संध्याकाळी पाहिला, उन्हाळ्यात पाहिला नाही. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की त्या गल्लीत मे महिन्यात नळाला पहाटे साडेचारला करंगळीएवढी धार येते. जमिनीखालची टाकी नकाशात ३ हजार लिटरची होती, ती ५ हजारांची करून घेणं बांधकामाच्या वेळी सहज शक्य होतं. आता पहिल्या उन्हाळ्यात दोनदा, दुसऱ्या उन्हाळ्यात चारदा टँकर मागवावा लागला. वहीवाल्या ताईंना आम्ही गळती विचारली, पाणी विचारलं नाही.

काकू सकाळी स्वतः फाटक उघडून कोपऱ्यावरच्या देवळात जातात. दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सध्या पुढे ढकलली आहे. दिवाळीत फराळाची ताटं त्यांनी चार घरी स्वतः दिली, त्यातलं पहिलं वहीवाल्या ताईंकडे.

कुंपणाची भिंत मुख्य पायासारखी खोल नेलेली नव्हती, तिचा पाया काळ्या मातीतच आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात ओढ्याच्या बाजूला तिला तिरकी भेग गेली, बरोबर त्याच कोपऱ्यात जिथे खड्ड्यात टिकाव ‘थप’ वाजत होता. मी तिच्यावर प्लास्टरनं काचेची पट्टी बसवून तारीख टाकली. पावसानंतर पट्टी तडकली. घराच्या भिंतीवर त्याच दिवशी पेन्सिलनं तीन ठिकाणी खुणा केल्या होत्या, तिथे अजून काही हललेलं नाही. बिल्डरच्या जबाबदारीची ५ वर्षं मे २०२९ मध्ये संपतात. तोवर दर वर्षी मे अखेरीस आणि पावसाळा सरल्यावर एक फेरी मारायचं मी काकूंकडे कबूल केलं आहे.